पत्र्याचा रंग आणि आईची दुपार

(या भागाचं शब्दांकन. बोलताना दोनदा आलेलं आणि अडखळलेलं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात गावाकडचं घर दुरुस्त करायला घेतलं तर हिशोब कसा ठेवायचा, यावर बोललो होतो. त्यावर सगळ्यात जास्त मेसेज आले ते रंगाबद्दल. एका मित्राने सेनगावकडून तीन फोटो पाठवले. एक काळा-राखाडी, एक चॉकलेटी, एक पांढरा-निळा. खाली एवढंच लिहिलं होतं, "दादा, तिन्हीतलं कोणतं भारी दिसेल?"

मी त्याला उलट तीन प्रश्न विचारले. घराचं तोंड कुठे आहे, छत कशाचं आहे, आणि दुपारी घरात कोण असतं. त्याला बहुतेक वाटलं मी वास्तुशास्त्र सांगतोय. त्याने हात जोडल्याची इमोजी टाकली आणि गप्प बसला.

तर आजचा भाग त्याच्यासाठी. पण आधी माझी स्वतःची चूक सांगतो, कारण हे प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी कुणी विचारले नव्हते. म्हणजे एका माणसाने विचारलं होतं, मी ऐकलं नव्हतं. ते पुढे येईलच.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यात. घर आजोबांनी बांधलेलं, पाच खणांचं माळवद. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. माळवद म्हणजे सागाच्या किंवा कडूलिंबाच्या सऱ्या, त्यावर फळ्या नाहीतर काड्या, आणि त्याच्यावर चांगली हात-दीड हात जाडीची माती. दरवर्षी पावसाळ्याआधी वर खारी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. भिंतीही मातीच्याच, दोन हात रुंद. मे महिन्यात बाहेर बेचाळीस डिग्री असताना त्या घरात दुपारी चादर अंगावर घेऊन झोपलेलं मला आठवतं. रात्री मात्र ती माती दिवसभर पिलेली उष्णता सोडायला लागायची, म्हणून रात्री सगळं घर वर माळवदावर झोपायला. दुपारी खाली, रात्री वर. त्या घराचं ते टाईमटेबलच होतं.

मग २१ मार्च २०२४. सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणी सगळीकडे जमीन हलली. पहिला धक्का ४.५ रिश्टरचा, आणि काही मिनिटांत दुसरा. आमच्या भागाला गूढ आवाजांची सवय आहे, वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेकडची माणसं तर वर्षानुवर्षं जमिनीतून येणारे आवाज ऐकतात. पण हा धक्का मोठा होता. मी पुण्यात झोपेत. आईचा फोन आला तेव्हा ती अंगणात उभी होती आणि मागून अख्ख्या गल्लीचा आवाज येत होता. बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. घरात ती एकटी.

मराठवाड्यात भूकंप म्हटलं की किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि त्यातली कितीतरी आपल्याच घराच्या दगड-मातीखाली. माझा तेव्हा जन्मही नव्हता, पण आईच्या पिढीला माळवदाखाली झोपताना ती पहाट आठवतेच. मार्चच्या धक्क्यानंतर आमच्या मधल्या खणाच्या भिंतीला बोटभर चीर पडली. आणि १० जुलैला पुन्हा ४.५ चा धक्का बसला. त्या रात्री मी ठरवलं, माळवद काढायचं.

स्लॅबचं बजेट नव्हतं. म्हणून वरची माती उतरवायची, भिंती अर्ध्यावर आणून विटांनी वर घ्यायच्या, लोखंडी अँगलवर पत्रे टाकायचे असं ठरलं. आणि इथे माझ्या चुकीला सुरुवात होते.

पत्रे कलर कोटेड घ्यायचे होते. दुकानात रंग सात-आठ. मी हिंजवडीत बसून लॅपटॉपवर घराचा फोटो टाकला, एका ॲपमध्ये भिंती डार्क ग्रे केल्या, छत डार्क चॉकलेटी. स्क्रीनवर काय दिसलं म्हणता! केरळमधला रिसॉर्टच. ऑफिसमधल्या दोघांना दाखवलं, तेही म्हणाले भारी. मग आईला व्हॉट्सॲपवर पाठवलं.

आईने फोन केला. म्हणाली, "बापू, पत्रे पांढरे न्हाई भेटत का?"

मी म्हणालो, "आई, पांढरे पत्रे गोडाऊनला टाकतात."

ती म्हणाली, "बरं. तुला आवडतंय ना, मग झालं."

बस. एवढीच चर्चा. तिने विचारलं ते रंगाबद्दल नव्हतं, दुपारबद्दल होतं. पण ते कळायला मला नऊ महिने लागले.

दिवाळीपर्यंत काम झालं. फोटो टाकले, लाईक आले, मामा-मावश्यांनी कौतुक केलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळं छान. मार्चमध्ये हळदीचा सीझन, आई त्या गडबडीत. फोनवर विचारलं की म्हणायची, "हाव, बरं हाय." ऊन लागतंय का? "उन्हाळाच हाय, लागणारच."

एप्रिलमध्ये, म्हणजे गेल्या वर्षी, २०२५ ला, मी न सांगता गेलो. हिंगोलीला दुपारी उतरलो, घरी पोचायला अडीच वाजले. दाराला कडी. आई नाही. घरात शिरलो तर तव्यावर पाय ठेवल्यासारखं. पंखा लावला तर तो वरचीच गरम हवा खाली ढकलायला लागला. तिची बाज घरात नव्हती, ती अंगणात लिंबाखाली. बीपीच्या गोळ्यांचं पाकीट देवळीत असायचं, ते माठाच्या खाली ओल्या फडक्यात गुंडाळून एका डब्यात ठेवलेलं. आई सापडली शेजारच्या काकूंकडे. त्यांचं माळवद अजून शाबूत आहे. तिथे ती रोज दहा ते पाच बसायची. महिनाभर. नव्या घरात फक्त स्वयंपाकाला आणि दिवाबत्तीला जायची.

मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तू यवढे पैशे घातले. कसं सांगावं मग?"

(थोडा वेळ शांतता.)

असो. मी इंजिनिअर माणूस, वाईट वाटलं की मोजायला लागतो. दुसऱ्या दिवशी कळमनुरीच्या एका ओळखीच्या मेकॅनिककडून टेंपरेचर गन आणली. कोरोनात कपाळाला लावायचे ती नाही, ती थोड्याच डिग्रीपर्यंत जाते. ही इंजिनाचं तापमान बघायची. दुपारी दोन वाजता, सावलीत हवा ४१. चॉकलेटी पत्रा ६९. खालून, म्हणजे घरातून वर धरली, तर ६७. आईच्या डोक्यावर सात फुटांवर ६७ डिग्रीचा तवा, दिवसभर.

मग दुकानातून पांढऱ्या ऑईलपेंटचा छोटा डबा आणला आणि त्याच पत्र्यावर कोपऱ्यात दोन बाय दोनचा चौकोन रंगवला. वाळला की दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला मोजला. ४९.

एकच पत्रा, एकच ऊन, वीस डिग्रीचा फरक. मी तीन वेळा मोजलं. मला वाटलं गनच खराब आहे.

आता याचं कारण. सूर्याकडून जी उष्णता येते त्यात डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण निम्म्याच्या आत-बाहेर. उरलेला बहुतेक इन्फ्रारेड, जो आपल्याला दिसत नाही पण अंगाला लागतो. गडद रंग दिसणारा प्रकाश तर गिळतोच, आणि साधा गडद रंग असेल तर इन्फ्रारेडही गिळतो. ताजा पांढरा रंग येणाऱ्या उष्णतेतली सत्तर-ऐंशी टक्के परत फेकतो. गडद चॉकलेटी किंवा काळा जेमतेम दहा-वीस. हा झाला पहिला भाग, तो सगळ्यांना शाळेतच माहीत असतो. उन्हाळ्यात काळा शर्ट घालू नका, वगैरे.

दुसरा भाग मला माहीत नव्हता. माझा पुढचा प्रश्न होता की मग साधा चकचकीत जस्ताचा पत्रा तर आरशासारखा, तो थंड राहत असेल? गोठ्यावर नवाच टाकला होता. गन धरली, आकडा आला ३८. हवेपेक्षाही कमी! मी खूश. हात लावला आणि चटका बसला.

झालं असं की ही गन तापमान थेट मोजत नाही. वस्तूतून बाहेर पडणारी इन्फ्रारेड मोजते आणि त्यावरून अंदाज बांधते. चकचकीत धातू ही किरणं सोडायला फार कंजूष असतो. आत तापलेला असतो, पण बाहेर दाखवत नाही. त्यामुळे गन फसते. मग मी त्या पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, दहा मिनिटं थांबलो आणि टेपवर मोजलं. ५८. आणि हाच कंजूषपणा त्या पत्र्याला महागात पडतो. ऊन बऱ्यापैकी परत फेकतो, पण जेवढी उष्णता आत शिरली तेवढी वर आकाशाकडे लवकर सोडत नाही, धरून ठेवतो. वर्ष-दोन वर्षांत चकाकी गेली की ऊनही जास्त गिळायला लागतो. पांढऱ्या रंगाचं दोन्हीकडून जमतं, ऊन घेत कमी आणि सोडतो भरपूर.

म्हणजे 'चकचकीत' आणि 'पांढरा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रा घेताना हे लक्षात ठेवा. आणि कुणी गन घेऊन चकचकीत पत्र्यावर कमी आकडा दाखवला तर त्याला टेप लावायला सांगा.

आता तुम्ही म्हणाल, हे तू शोधून काढलंस का? अजिबात नाही. अहमदाबादला २०१० च्या मे महिन्यात उष्णतेची भयंकर लाट आली होती, त्यानंतर २०१३ पासून तिथे उष्णतेसाठीचा कृती आराखडा राबवतात. त्यात झोपडपट्टीतली छतं चुन्याने पांढरी करणं हा एक भाग झाला. आपल्याला चिकटून असलेल्या तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफ धोरणच काढलं. नांदेड ओलांडलं की तेलंगणा, एवढं जवळ. आणि धोरणं लांब राहू द्या, आपल्याकडे लोक उन्हाळ्यात पत्र्यावर पाचट टाकतात, तुराट्या टाकतात, ते दुसरं काय आहे? फक्त पाचट पेटतं, म्हणून मला त्याची भीती वाटते. आमच्या आळीत चूल अजून घराबाहेरच पेटते आणि ठिणगी उडायला वेळ लागत नाही.

मग आम्ही काय केलं. आधी चुन्याचा विचार केला, कारण स्वस्त. पेंटर मामांनी हात झटकले. आमच्या गावात गेली तीस वर्षं सगळ्यांची घरं यांनीच रंगवलीत. म्हणाले, "चुना भित्ताडावर धरतो, स्लॅबवर धरतो. गुळगुळीत पत्र्यावर पहिल्या पावसात अंगणात येईल." बरोबर होतं त्यांचं. चुना खरबरीत, पाणी पिणाऱ्या पृष्ठभागावर मुरतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन दगडासारखा होतो. पत्र्यात मुरायला जागाच नाही.

म्हणून पत्रे आधी साबणाच्या पाण्याने धुतले. मग पॉलिश पेपरने हलके घासले, चकाकी मरेपर्यंत, कोटिंग खरवडून लोखंड उघडं पडेल इतके नाही. मग प्रायमर, मग छतासाठीचा पांढरा रंग, दोन हात. सगळं काम पहाटे साडेपाच ते साडेनऊ, कारण तापलेल्या पत्र्यावर रंग लावला तर वरून लगेच वाळतो, खाली धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. मजुरीसकट साधारण बावीस हजार लागले. हेच पत्रे आधी पांढरे घेतले असते तर शून्य. दुकानात दोन्हींचा भाव एकच होता. हे बावीस हजार म्हणजे 'गोडाऊनसारखं दिसतं' या माझ्या वाक्याची किंमत. आमच्याकडे कोडमध्ये उशिरा सापडलेला बग महाग पडतो म्हणतात, तसंच.

रंग झाल्यावर दुपारी तीन वाजता मधल्या खणात हवेचं तापमान आधीपेक्षा चार-साडेचार डिग्रीने कमी भरलं. ऐकायला कमी वाटतं. पण खरा फरक डोक्यावरच्या तव्यात होता. ६७ चा पत्रा ४८ वर आला की अंगावर येणारी झळ जाते, मग पंख्याचा उपयोग होतो. माळवदाची सर आली का? नाही. तो दोन हात मातीचा गारवा अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला येणार नाही, कितीही पांढरा करा. पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून सीलिंग करणं हा पुढचा टप्पा, तो अजून बाकी आहे. एक गोष्ट मात्र पत्र्याच्या बाजूने सांगतो. सूर्य मावळला की तो तासाभरात थंड होतो. आई रात्री आत झोपते आता.

बाज परत घरात आली त्या दिवशी मी काही बोललो नाही. तिनेही नाही.

आता भिंती. डार्क ग्रे मी हट्टाने बाहेरून आणि समोरच्या खोलीत आतूनही दिला होता. स्क्रीनवर जो रंग शांत दिसला तो भिंतीवर स्मशानासारखा दिसत होता, हे मला दिवाळीतच कळलं होतं, मान्य केलं नव्हतं. कारण साधं आहे. मोबाईलची स्क्रीन स्वतः उजेड टाकते. भिंत स्वतः उजेड टाकत नाही, तिच्यावर पडेल त्यातलाच थोडा परत देते. शेडकार्डवरचा नखाएवढा तुकडा चार भिंतींवर गेला की नेहमी जास्त गडद वाटतो, कारण एक भिंत दुसऱ्या भिंतीवर आपला रंग टाकते. बऱ्याच कंपन्यांच्या शेडकार्डवर किंवा वेबसाईटवर प्रत्येक शेडला एक एलआरव्ही आकडा असतो. तो शून्याच्या जवळ म्हणजे काळा, शंभरच्या जवळ म्हणजे पांढरा. पडलेल्या उजेडातला किती परत येईल ते. माझ्या ग्रेचा होता ११.

हा आकडा आमच्याकडे का महत्त्वाचा? आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ती संध्याकाळी समोरच्या खोलीत बसून तांदूळ निवडते. ग्रे भिंतींमध्ये एक एलईडी बल्ब पुरत नव्हता, म्हणून ती ताट घेऊन दारात सरकायची. मला वाटायचं हवेसाठी बसते.

या वेळी रंग तिने निवडला. पद्धत मात्र मी लावली. तीन शेडचे छोटे डबे आणले आणि दोन-दोन फुटांचे चौकोन दोन भिंतींवर काढले, एक पश्चिमेची, एक उत्तरेची. मग चार दिवस काहीच करायचं नाही. सकाळी बघायचं, दुपारी बघायचं, रात्री बल्ब लावून बघायचं. एकच रंग उन्हात एक दिसतो आणि एलईडीखाली दुसराच. तिसऱ्या दिवशी आईने सांगितलं, "ह्यो. निळीचा."

निळीचा म्हणजे काय ते मला लक्षात नव्हतं. पूर्वी चुन्यात चिमूटभर नीळ टाकायचे, कपड्यांना टाकतात तशीच. चुना थोडा पिवळट दिसतो, निळीने तो पिवळेपणा मारला जातो आणि पांढरा जास्त पांढरा वाटतो. आईला तिच्या माहेरच्या घराचा तो रंग हवा होता. शेडकार्डवर त्याला काहीतरी लांबलचक फॅन्सी नाव आहे, एलआरव्ही ७० च्या वर. आम्ही दुकानात जाऊन "निळीचा पांढरा" म्हणालो आणि मामांनी बरोबर तो शेड काढला.

पण खाली पांढरं चालणार नाही, हे मामा आणि आई दोघांनी एकदम सांगितलं. आमची जमीन काळी, चिकट. पावसाचं पाणी पन्हाळातून पडलं की हात-दीड हात उंच चिखल उडतो. शिवाय आमच्या तालुक्यापासून वसमतपर्यंत सगळीकडे हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते मिळालं, पण हळद पॉलिश करताना जी धूळ उडते ती भिंतीला बसतेच. हळदीचा डाग उन्हाने उडून जातो, चिखलाचा नाही. म्हणून खाली अडीच फूट काव. जुन्या घरांना गेरूचा लाल पट्टा असायचा ना, तोच. मला लहानपणी वाटायचं तो शोभेला काढतात.

या गेरूबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण मला यात मजा आली. बाहेरच्या भिंतीचा रंग उन्हाने उडतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण सगळे रंग सारखे उडत नाहीत. भडक लाल, गुलाबी, झगझगीत पिवळा, जांभळा यांत बऱ्याचदा सेंद्रिय रंगद्रव्यं असतात आणि कडक उन्हात ती तुटतात. मातकट रंग, म्हणजे गेरू, पिवळी माती, तपकिरी, हे लोखंडाचे ऑक्साईड. म्हणजे गंजच म्हणा. जो आधीच गंजलाय त्याला ऊन आणखी काय करणार? अजिंठ्याच्या भिंतींवर लाल आणि पिवळ्या मातीचे रंग आहेत, इतक्या शतकांनंतरही टिकून. लेणं सावलीत आहे हे खरं, पण मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल. आणखी एक, गडद शेड दुकानातल्या मशीनमध्ये वेगळ्या बेसमध्ये बनतात, त्यात पांढरं रंगद्रव्य कमी आणि रंग जास्त, म्हणून लिटरमागे महागही पडतात. डार्क ग्रे एलिव्हेशन दोन उन्हाळ्यांनी कसं दिसतं ते बघायचं असेल तर कुठल्याही तालुक्याच्या गावाला बायपासवर एक चक्कर मारा.

आणखी एक काम केलं, ते नात्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईने सुचवलं. उंबरा आणि ओट्याच्या दोन पायऱ्या भिंतीच्याच रंगाच्या होत्या. आईला संध्याकाळी पायरीची कड दिसायची नाही. त्या कडांना दोन इंच पिवळा पट्टा मारला. अख्ख्या घरात सगळ्यात स्वस्त रंगकाम ते, शंभर रुपयेही लागले नसतील.

आता तुमचे प्रश्न, पटापट.

स्लॅब असेल तर? तुमचं काम सोपं. स्लॅब झाडून घ्या, चिरा आधी बुजवा, चुना रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, थोडा डिंक मिसळा, दोन हात मारा. हातमोजे आणि चष्मा घाला, चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही. दरवर्षी पावसात थोडा धुऊन जाणार, म्हणून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये परत. बजेट असेल तर पांढऱ्या फुटक्या टाईल्सचं चायना मोझॅक करा, ते बरीच वर्षं टिकतं.

पांढरा मळतो, मग? मळतो. मळला की ऊन परत फेकणं कमी होतं, हे खरं आहे. आम्ही जानेवारीत हळद काढायला लागायच्या आधी पत्रे पाईपने धुऊन घेतले. पावसाळ्यात एका बाजूला शेवाळाचे ठिपके आले होते, झाडूने गेले.

पांढरा नकोच असेल तर? फिकट राखाडी, बदामी, फिकट निळा, हे मधले पर्याय. दिसायला थोडे गडद पण इन्फ्रारेड परत फेकणारे खास रंगही मिळतात. विकणारा 'कूल' म्हणाला म्हणून घेऊ नका, त्याचा एसआरआय आकडा लेखी मागा. आकडा जितका मोठा तितकं छत थंड. आकडा देत नसेल तर साधा पांढरा घ्या.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर? त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडे घासू नका, ड्रिल मारू नका. धूळ फुप्फुसात जाते. घासण्यापेक्षा ओले करून हलकं धुणं आणि वरून रंग, एवढंच.

आणि एक, जे कुणी विचारलं नाही. मार्च २०२४ च्या धक्क्यानंतर प्रशासनाने लोकांना पत्र्यावरचे दगड काढून घ्या असं आवाहन केलं होतं. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून आपण वर धोंडे ठेवतो, आणि जमीन हलली की तेच खाली झोपलेल्या माणसावर येतात. रंगवायला वर चढणारच आहात तर ते धोंडे उतरवा, जे-हुक नाहीतर स्क्रूने पत्रे घट्ट करा, वायसर बदला, आणि मगच रंगाचा डबा उघडा. आमच्या शेजारच्या तीन घरांवर अजून दगड आहेत. मी दर वेळी सांगतो, ते दर वेळी हो म्हणतात.

सेनगावच्या मित्रा, तुझ्या तीन फोटोंपैकी कोणता भारी दिसेल हे मी अजूनही सांगितलेलं नाही. दुपारी घरात कोण असतं ते कळव, मग बोलू.

आमच्याकडे स्वयंपाकघरावरचे चार पत्रे अजून चॉकलेटीच आहेत. तेव्हा डबा संपला आणि माझी सुट्टीही. आई म्हणते, "ऱ्हाऊ दे, तिथं मी सकाळीच असते." या वेळी मी ऐकणार नाही. पुढच्या शनिवारी जातोय, मामांना पहाटे साडेपाचला बोलावलंय. चला, भेटू पंधरा दिवसांनी.